ओर्व्हिएतो खालून वर बघायचं असतं

ओर्व्हिएतोला मी दोनदा गेले आहे. पहिल्यांदा सगळं चुकलं. रोमहून सकाळी निघालो, धावतपळत कॅथेड्रल पाहिलं, दारातच फोटोंचा मेन्यू लावलेल्या ठिकाणी जेवलो आणि चारच्या गाडीने परत. घरी येऊन फोटो चाळले तेव्हा लक्षात आलं, ज्या खडकावर हे गाव बसलंय त्या खडकाचा एकही फोटो नाही. दुसऱ्या खेपेला आईला घेऊन गेले, दोन रात्री राहिले आणि गाव खालून वर बघितलं. हा लेख त्या दुसऱ्या खेपेवर बेतलेला आहे.

आधी खडक समजून घ्या. मध्य इटलीतल्या उंब्रिया प्रांतात पाल्या नदीच्या खोऱ्यात एक सपाट माथ्याचा डोंगर एकटाच उभा आहे. चारी बाजूंनी ताशीव कडे, वर गाव. हा दगड म्हणजे टफ, ज्वालामुखीची राख घट्ट होऊन तयार झालेला. कुदळीने खणता येईल इतका मऊ, पण खणलेली पोकळी टिकून राहील इतका भक्कम. त्यामुळे इथल्या लोकांनी अडीच हजार वर्षं एकच उद्योग केला: घराखाली खणायचं. तळघरं, विहिरी, तेलाचे घाणे, वाइनचे कोठार, कबुतरखाने, सगळं जमिनीखाली. आपण गडावर गेलो की पहिला प्रश्न विचारतो, पाण्याची टाकी कुठे आहेत? इथेही तिथूनच सुरुवात करायची.

किती दिवस, कधी

दोन रात्री. एका रात्रीतही भागतं, पण एका दिवसात नाही. सहलीच्या बसने आलेली गर्दी साडेदहाला येते आणि पाचला ओसरते. त्यानंतरचं गाव वेगळंच असतं: खुर्च्या टाकून बसलेले म्हातारे, चौकात फुटबॉल खेळणारी पोरं, आणि कॅथेड्रलच्या दर्शनी भिंतीवर पडलेलं तिरपं ऊन. ही भिंत नैर्ऋत्येकडे तोंड करून आहे, म्हणजे तिच्यावरचं सोनेरी मोझेक उजळतं ते दुपार कलल्यावरच. दिवसाच्या सहलीचे लोक नेमके तेव्हा स्टेशनवर गाडीची वाट बघत असतात.

एप्रिल ते जूनचा मध्य, किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर हा काळ उत्तम. सप्टेंबरात द्राक्षांची तोडणी चालू असते. जुलै-ऑगस्टचा उन्हाळा आपल्याला जड नाही असं वाटतं, पण दगडी गल्लीत दुपारी दोन वाजता तेही मत बदलतं. शिवाय १५ ऑगस्टच्या आसपास अर्धी इटली सुट्टीवर असते. नोव्हेंबरात दुकानं कमी उघडी, पण सकाळी खोऱ्यात धुकं साचतं आणि नुसता खडक त्यावर तरंगताना दिसतो. डिसेंबरच्या शेवटी इथे 'उंब्रिया जॅझ विंटर' हा महोत्सव असतो. तेव्हा जायचं तर खोली बरीच आधी बुक करा.

व्हिसाबद्दल थोडक्यात. शेंगेन व्हिसा लागतो. महाराष्ट्र आणि गोव्यातल्यांचा अर्ज मुंबईतल्या इटलीच्या वकिलातीकडे जातो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि किमान ३०,००० युरो कव्हर असलेला प्रवास विमा लागतो. उन्हाळ्यात अपॉइंटमेंट मिळणं हेच मोठं काम आहे, ते आधी उरका.

पोहोचायचं कसं

रोमच्या तेर्मिनी स्टेशनवरून साधी प्रादेशिक गाडी पकडा. साधारण सव्वा ते दीड तास. अतिवेगवान लाल गाड्या इथे थांबत नाहीत, त्यामुळे महाग तिकिटाचा प्रश्नच नाही आणि आगाऊ आरक्षणाचीही गरज नाही. कागदी तिकीट घेतलंत तर फलाटावरच्या छोट्या यंत्रात ते घालून शिक्का मारून घ्या. हे विसरलात तर तिकीट असूनही दंड होतो, आणि तिकीट तपासनीस 'आम्ही परदेशी' ही सबब रोज दहा वेळा ऐकत असतो. रोमहून येताना डाव्या खिडकीशी बसा, खडक त्या बाजूला दिसतो.

स्टेशन खाली दरीत, गाव वर. स्टेशनच्या समोरच फनिक्युलरचं ठाणं आहे. दोरावर चढणारी ही गाडी १८८८ मध्ये सुरू झाली तेव्हा पाण्याच्या वजनावर चालायची: वरच्या डब्यात पाणी भरायचं, तो खाली येताना खालच्याला वर ओढायचा. मधे कित्येक वर्षं बंद राहून १९९० मध्ये ती विजेवर परत सुरू झाली. काही मिनिटांत तुम्ही वरच्या पियात्सा काहेन या चौकात असता. तिथून कॅथेड्रलपर्यंत छोटी बस जाते. चालत गेलात तर हलका चढ, पंधरा-वीस मिनिटं.

गाडी भाड्याने घेतली असेल तर ती गावात नेऊ नका. जुन्या भागात बाहेरच्या वाहनांना बंदी आहे, कॅमेरे नंबर टिपतात आणि दंडाचं पत्र काही महिन्यांनी थेट घरच्या पत्त्यावर येतं. पश्चिमेकडे काम्पो देल्ला फिएरा इथे मोठा वाहनतळ आहे; तिथून खडकाच्या पोटातून सरकते जिने आणि लिफ्ट वर नेतात.

राहायचं मात्र वर, गावात. खाली स्टेशनजवळ हॉटेलं स्वस्त आहेत, पण फनिक्युलर रात्री लवकर बंद होते आणि मग जेवण घाईत उरकावं लागतं. हॉटेलवाला प्रत्येक माणशी, प्रत्येक रात्री थोडा नगरपालिकेचा कर वेगळा घेतो. तो सगळीकडे आहे, वाद घालू नका. आई-वडील बरोबर असतील तर बुक करताना लिफ्ट आहे का ते विचारा. चारशे वर्षांच्या घरात ती बहुधा नसते.

पहिली दुपार: विहीर

फनिक्युलरमधून उतरलात की सामान टाकायला जायच्या आधी किंवा लगेच नंतर, पण पहिल्याच दिवशी, पोत्सो दि सान पात्रित्सिओ बघा. ही विहीर वरच्या ठाण्यापासून अगदी दोन मिनिटांवर आहे.

१५२७ च्या मे महिन्यात सम्राट पाचव्या चार्ल्सच्या बेलगाम फौजेने रोम लुटलं. पोप सातवा क्लेमेंट तिथे अडकून पडला, आणि डिसेंबरात वेश बदलून निसटला तो इथे, ओर्व्हिएतोत. कडे ताशीव, शत्रू वर येऊ शकत नाही. पण वेढा पडला तर पाणी? त्याने आंतोनिओ दा सांगाल्लो या वास्तुविशारदाला विहीर खणायला सांगितली. काम १५३७ मध्ये पुरं झालं, तोवर क्लेमेंट मेलाही होता. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीचे वकील काडीमोडाची परवानगी मागायला आले तेही याच गावात, याच पळून आलेल्या पोपकडे.

विहीर ५३ मीटर खोल आणि १३ मीटर रुंद. तिच्याभोवती दोन गोल जिने एकमेकांत गुंफलेले आहेत, प्रत्येकी २४८ पायऱ्यांचे, आणि ते कुठेच एकमेकांना छेदत नाहीत. पाणी आणणारी खेचरं एका जिन्याने उतरायची, तळाशी छोटा पूल ओलांडून दुसऱ्याने वर यायची. समोरून येणाऱ्या खेचराशी गाठ पडायचीच नाही. आपल्याकडच्या बारवांत आपण पायऱ्या बघतो. इथे पायऱ्यांपेक्षा वाहतुकीचं नियोजन बघावं.

माझ्या आईचे गुडघे दुखतात, म्हणून ती वरच्या बागेत बसणार होती. पण पायऱ्या खेचरांसाठी केलेल्या, म्हणजे बुटक्या आणि पसरट आहेत हे बघून ती उतरली. भिंतीत सत्तरेक खिडक्या आहेत. प्रत्येक खिडकीशी थांबत, आत डोकावत आम्ही खाली गेलो. समोरच्या खिडकीत एक जपानी आजोबा दिसायचे, आमच्यासारखेच दम खात. ते वर चाललेले, आम्ही खाली. तीनदा हात हलवून झाला, पण भेट काही झाली नाही. खाली गारवा असतो, पातळ स्वेटर जवळ ठेवा. वर आल्यावर शेजारच्या आल्बोर्नोझ किल्ल्याच्या बागेत जा. तिथे तिकीट नाही आणि सगळं खोरं दिसतं.

खडकाच्या पोटात

गावाखाली बाराशेच्या आसपास गुहा आणि बोगदे मोजले गेले आहेत. बहुतेक खासगी, कुणाच्या तरी घराखालचे. त्यांतला एक भाग 'ओर्व्हिएतो अंडरग्राउंड' या सहलीत दाखवतात. कॅथेड्रलसमोरच तिकीट मिळतं, वाटाड्याबरोबर तासाभराचा फेरा. इंग्रजीतल्या फेऱ्या दिवसातून मोजक्याच असतात. पहिल्या खेपेला मी शेवटची फेरी निघून गेल्यावर पोहोचले होते. तेव्हा गावात पाय ठेवल्या ठेवल्या वेळ विचारून जागा धरा. अरुंद जागेची भीती असणाऱ्यांनी एका चिंचोळ्या जिन्याची तयारी ठेवावी.

आत तेलाचा घाणा आहे, आणि शेकडो चौकोनी कोनाडे असलेल्या भिंती. हे कबुतरखाने. कड्याच्या बाजूने एक खिडकी उघडी ठेवायची. कबुतरं सकाळी बाहेर उडून खोऱ्यात चरायची, संध्याकाळी परत यायची आणि इथेच अंडी घालायची. खायला घालावं लागत नाही, राखावं लागत नाही, वेढा पडला तरी ताटात मांस. कबुतर आजही इथल्या मेन्यूवर असतं. हे कोनाडे पाहिल्यावर ते तिथे का आहे हे वेगळं विचारावं लागत नाही.

ही सहल हुकली तर पश्चिमेकडच्या व्हिया देल्ला काव्हा रस्त्यावर 'पोत्सो देल्ला काव्हा' ही ३६ मीटर खोल जुनी विहीर आणि तिच्याभोवतीच्या गुहा आहेत. तिथे वाटाड्या लागत नाही, आपल्या गतीने हिंडता येतं.

दुसरी सकाळ: दुओमो, म्हणजे कॅथेड्रल

दारं उघडतील त्या वेळी जा, खांदे आणि गुडघे झाकतील असे कपडे घालून.

या कॅथेड्रलची जन्मकथा रक्ताच्या डागांची आहे. १२६३ मध्ये जवळच्या बोल्सेना गावात एक बोहेमियन धर्मगुरू मिस्सा अर्पण करत होता. भाकर म्हणजे ख्रिस्ताचं शरीर, यावर त्याचा विश्वास डळमळला होता. तेवढ्यात त्या भाकरीतून रक्त ठिबकून वेदीवरच्या कापडावर पडलं, अशी कथा आहे. पोप चौथा अर्बन तेव्हा ओर्व्हिएतोत होता. कापड त्याच्याकडे आणलं. १२६४ मध्ये इथूनच त्याने 'कोर्पुस ख्रिस्ती'चा सण साऱ्या चर्चसाठी जाहीर केला. वसईत आणि गोव्यात दर वर्षी तो सण होतो, त्याचा हुकूम या खडकावरून निघाला. ते कापड डावीकडच्या कपेलात, म्हणजे कॅथेड्रलच्या आतल्या छोट्या प्रार्थनागृहात आहे. सणाच्या सुमारास, मे-जूनमध्ये, मध्ययुगीन वेशातली मिरवणूक गावातून निघते.

बांधकाम १२९० मध्ये सुरू झालं. बाजूच्या भिंती काळ्या बेसाल्टच्या आणि पांढऱ्या ट्राव्हर्टीनच्या पट्ट्यांच्या. दर्शनी बाजूचं श्रेय मुख्यतः लोरेंत्सो मैतानीचं. वरचं मोझेक सगळेच बघतात; तुम्ही खालचे चार खांब बघा. संगमरवरावर कोरलेली अख्खी गोष्ट डावीकडून उजवीकडे वाचायची: जगाची निर्मिती, जुना करार, ख्रिस्ताचं आयुष्य, शेवटचा न्याय. पहिल्या खांबावर आदम झोपलेला आहे आणि देव त्याच्या बरगडीतून हव्वा घडवतोय. आदमची झोप इतकी खरी आहे की आवाज बारीक करावासा वाटतो.

आत गेलात की मध्ये वेळ घालवू नका. सरळ पुढे, उजवीकडे सान ब्रित्सिओ कपेला. फ्रा आंजेलिकोने १४४७ मध्ये छत रंगवायला घेतलं आणि अर्धवट सोडलं. पुढे लुका सिन्योरेल्लीने १४९९ ते १५०४ मध्ये उरलेलं छत आणि भिंती रंगवल्या. विषय जगाचा अंत. एका भिंतीवर मेलेले लोक सपाट पांढऱ्या जमिनीतून वर येतायत: कुणी अजून नुसता सांगाडा, कुणाला कातडी आलेली, कुणी कोपरं टेकून स्वतःला उपसून काढतोय. पण मी सगळ्यांत जास्त वेळ उभी राहिले ती ख्रिस्तविरोधकाच्या, म्हणजे जगाच्या अंताआधी येणाऱ्या खोट्या ख्रिस्ताच्या चित्रापाशी. चेहरा ख्रिस्तासारखा, भोवती ऐकणारी गर्दी, आणि मागून खेटून उभा राहिलेला सैतान कानात पुटपुटतोय. नीट बघा: बाहीतून पुढे आलेला डावा हात कुणाचा? तो सैतानाचा आहे. आता डावीकडच्या कोपऱ्यात बघा. काळ्या कपड्यातले दोघे उभे आहेत, तो सिन्योरेल्ली स्वतः आणि फ्रा आंजेलिको.

या कपेलासाठी पाऊण तास ठेवा. नंतर समोरचं फाइना संग्रहालय एत्रुस्कन, म्हणजे रोमनांच्या आधी इथे राहणाऱ्या लोकांच्या मडक्यांसाठी चांगलं आहे, पण मन भरलेलं असेल तर सोडून द्या. तोर्रे देल मोरो या ४७ मीटर उंच मनोऱ्यावरून अख्खं गाव दिसतं, चढायची हौस असेल तर. विहीर, अंडरग्राउंड, दुओमो, मनोरा आणि संग्रहालय एवढं सगळं करायचं असेल तर 'कार्ता उनिका' हे एकत्रित तिकीट परवडतं. दोनच ठिकाणं करायची तर नाही.

ताटात काय

जेवणाची वेळ पाळावी लागते. दुपारी साडेबारा ते अडीच, रात्री साडेसातच्या पुढे. चार वाजता पोळी-भाजी मागितल्यासारखं जेवण मागाल तर मिळणार नाही. बिलात 'कोपेर्तो' म्हणून माणशी एक-दोन युरो लागतात. तो ताटाचा आणि पावाचा आकार असतो, फसवणूक नव्हे. पाव अळणी असतो. पोपने मिठावर कर लावला म्हणून लोकांनी मीठ घालणं सोडलं अशी कहाणी सगळे सांगतात. ती खरी असो वा नसो, खारट पेकोरिनो चीजबरोबर तो पाव बरोबर जमतो.

इथला पास्ता म्हणजे उंब्रिकेल्ली. हाताने वळलेल्या जाड शेवया, नुसतं पीठ आणि पाणी, अंडं नाही. आपल्याकडच्या अंडं न खाणाऱ्यांसाठी ही मोठीच सोय. टोमॅटो, लसूण आणि मिरचीच्या 'आर्राब्बियाता'बरोबर मागवा, किंवा काळ्या ट्रफल या जमिनीखाली उगवणाऱ्या सुवासिक अळंबीबरोबर. ट्रफल तुमच्यासमोर किसून घालत असतील तर पैसे द्या. नुसतं ट्रफलचं तेल असेल तर ते बहुधा कृत्रिम वासाचं असतं. डाळींची सूपं, चण्याचं सूप, भाजलेल्या भाज्या सहज मिळतात. मांस खाणाऱ्यांनी रानडुकराचा रस्सा आणि कबुतर सोडू नये.

शाकाहाऱ्यांना एक धोक्याची सूचना. बेकरीत 'लुमाकेल्ले' नावाचे गोगलगायीसारखे वळलेले खमंग पाव मिळतात. चीजचा पाव समजून आईने एक घेतला, अर्धा खाल्ला आणि मग म्हणाली, "अगं, यात काहीतरी गुलाबी आहे." ते डुकराचं मांस होतं, त्यात बहुतेक वेळा ते असतंच. दोष आमचा, विचारलं नव्हतं. म्हणून विचारायचं: 'सेंत्सा कार्ने?' म्हणजे मांसाशिवाय आहे का. आणि पावाच्या पदार्थांत 'स्त्रुत्तो' हा शब्द दिसला तर ती डुकराची चरबी.

गुरुवारी आणि शनिवारी सकाळी पियात्सा देल पोपोलोत बाजार भरतो. चीज, फळं आणि ऑलिव्ह घेऊन कड्याच्या काठावर बसलात की एक जेवण दहा युरोच्या आत होतं.

आता वाइन

ओर्व्हिएतो हे पांढऱ्या वाइनचं नाव आहे. मुख्य द्राक्षं प्रोकानिको आणि ग्रेकेत्तो. १९७१ पासून नावाला कायदेशीर संरक्षण आहे. बाटलीवर 'क्लास्सिको' असेल तर द्राक्षं गावाभोवतीच्या मूळ, जुन्या पट्ट्यातली. 'सुपेरिओरे' म्हणजे नियम आणखी कडक. आज बहुतेक 'सेक्को' म्हणजे कोरडी मिळते. फिकट, हलकी, शेवटी जिभेवर बदामासारखा किंचित कडवटपणा.

पण जुनी ओर्व्हिएतो गोडसर होती, आणि त्यालाही कारण तोच खडक. गुहांत थंडी असते. रस आंबता आंबता थंडीने आंबणं थांबायचं आणि साखर मागे राहायची. ती चव हवी असेल तर 'आब्बोक्कातो' किंवा 'आमाबिले' मागा. खूप दुकानदार आनंदाने चकित होतात, कारण पाहुणे ती मागतच नाहीत. आणखी एक प्रकार 'मुफ्फा नोबिले': पाल्याच्या धुक्याने द्राक्षांवर चांगली बुरशी चढते, द्राक्षं सुकतात, आणि मधासारखी गोड वाइन होते. ती जेवणानंतर, छोट्या पेल्यात, पेकोरिनोबरोबर.

रात्रीच्या जेवणाला बाटलीच हवी असं नाही. 'उन क्वार्तो' म्हणालात की पाव लिटर घरची वाइन सुरईत येते, दोघांना पुरते. चाखायची खरी जागा म्हणजे गावातले 'एनोतेका', वाइनची दुकानं. काहींच्या तळघरात गुहा आहे, ती दाखवा म्हणून नक्की विचारा. मळ्यावर जायचं तर आधी ई-मेल करा. नुसतं जाऊन उभं राहिलं तर कुणी भेटेलच असं नाही. बस जात नाही, टॅक्सी करावी लागते. गाडी चालवणाऱ्याने घोट थुंकण्याचं भांडं वापरावं, त्यात कुणाला अपमान वाटत नाही.

शेवटची सकाळ: खडकाखालची 'मी'

निघायच्या दिवशी कड्याच्या पायथ्याने फिरणारी पायवाट धरा. पूर्ण फेरा साधारण पाच किलोमीटरचा. तेवढं नको असेल तर थेट उत्तरेच्या पायथ्याशी क्रोचिफिस्सो देल तुफो या एत्रुस्कन स्मशानभूमीत जा. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकातली दगडी थडगी, गावातल्या घरांसारखी रांगेने, मध्ये सरळ रस्ते. वरच्या एत्रुस्कन शहराचं नाव होतं वेल्झ्ना. ते रोमनांनी इसवी सनापूर्वी २६४ मध्ये उद्ध्वस्त केलं आणि माणसं बोल्सेना सरोवराकाठी हलवली. मागे राहिलं ते 'जुनं शहर', लॅटिनमध्ये 'उर्ब्स वेतुस', त्याचंच ओर्व्हिएतो झालं.

बऱ्याच थडग्यांच्या दाराच्या पट्टीवर मालकाचं नाव उजवीकडून डावीकडे कोरलेलं आहे, आणि थडगं स्वतःच बोलतं: 'मी अमक्याचं'. एत्रुस्कन भाषेत 'मी'ला शब्द आहे 'मी'. निव्वळ योगायोग, त्या भाषेचं आपल्या भाषांशी काही नातं नाही. पण पाटी वाचून आईने त्या दारावर हात ठेवला आणि मोठ्याने म्हणाली, "मी."

तिथून स्टेशन फार लांब नाही, उतारच आहे. मात्र सामान घेऊन जाऊ नका. ते हॉटेलात ठेवा आणि फनिक्युलरने परत वर या.

वाइन आणायची असेल तर ती चेक-इन बॅगेत, मोज्यांत गुंडाळून, कपड्यांच्या मधोमध. भारतात प्रत्येक प्रौढाला दोन लिटरपर्यंत मद्य करमुक्त आणता येतं. पाऊण लिटरच्या दोन बाटल्या भरल्या की अर्धा लिटर उरतो, आणि मुफ्फा नोबिले ३७५ मिलिलिटरच्या छोट्या बाटलीतही मिळते.